पावसाची टॅली

चंद्रपूरहून भाचा आला तो ऐन जुलैत. बहिणीचं ठाण्याला चार दिवसांचं ट्रेनिंग होतं, म्हणून पोरगं आमच्याकडे डोंबिवलीला. वय वर्षं अकरा. ताडोब्यात तीनदा वाघ बघून झालेले, समुद्र मात्र एकदाही नाही. त्यामुळे आल्या आल्या चपला काढायच्या आत त्यानं विचारलं, "मामा, समुद्र कुठंय?"

बायकोनं यादी केली. गेटवे, घारापुरी, राणीचा बाग, शेवटी चौपाटीवर भेळ. सकाळी उठलो तर खिडकीबाहेरची समोरची इमारत गायब. बातम्यांत मुसळधारेचा इशारा, आणि गेटवेवरच्या ओळखीच्या माणसानं फोनवर सांगितलं की घारापुरीच्या लाँचेस आज सुटत नाहीत. मी यादी घडी करून खिशात टाकली आणि उद्या जाऊ म्हणालो. तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णा बाहेर आले. अंगात रेनकोट, पायात रबरी बूट. ऐंशी वर्षांचा माणूस शाळेच्या पहिल्या दिवसासारखा तयार.

"हा पोती न भिजणारा पाऊस आहे," ते म्हणाले. "चला."

अण्णा मुंबई बंदरात टॅली क्लार्क होते, १९६८ ते २००३. टॅली क्लार्क म्हणजे मोजणारा माणूस. जहाजातून माल उतरताना वा चढताना शेजारी उभं राहायचं आणि प्रत्येक स्लिंगमागे, म्हणजे क्रेनच्या दोराला लटकून येणाऱ्या प्रत्येक खेपेमागे, कागदावर रेघ मारायची. चार उभ्या आणि पाचवी आडवी, झाला एक जुडगा. एक टॅली जहाजाची, एक गोदीची. संध्याकाळी दोन्ही जुळल्या तर सही, नाही जुळल्या तर भांडण. साताऱ्याजवळच्या गावातून आलेल्या मॅट्रिक पास पोरानं या रेघांवर घर चालवलं, आम्हा दोघा भावंडांना शिकवलं, गावच्या घरावर पत्रा घातला. मोजायची सवय मात्र निवृत्तीनंतरही सुटली नाही. लग्नात पंगती मोजतात, गाडीला लागलेले डबे मोजतात, मी दिवसाला किती कप चहा घेतो तेही त्यांना तोंडपाठ असतं.

पोती भिजणारा आणि न भिजणारा, हे पावसाचे दोन प्रकार त्यांचेच. आमच्या लहानपणी घरात पाऊस हा गोदीतून यायचा. साखर, खत, वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं, असला माल चालू असताना सर आली की आरडाओरडा व्हायचा, जहाजाच्या पोटावरची झाकणं, म्हणजे हॅच, ओढायची, वर ताडपत्री. काम थांबलं. घरी आले की आई विचारायची, "आज लवकर?" आणि ते सांगायचे, "हॅच बंद." हे दोन शब्द आमच्या घरात म्हणीसारखे रुळले. आईचं डोकं दुखायला लागलं की हॅच बंद. मी परीक्षेत नापास झालो तेव्हा आठवडाभर अण्णांची हॅच बंद.

डोंबिवलीहून सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं मरीन ड्राइव्ह. समुद्र दाखवायचा म्हटलं की मुंबईचा माणूस आपोआप पश्चिमेला तोंड करतो, तसा मीही केला. भरतीची वेळ होती. लाट कठड्यावर आपटायची, फुटायची, फुटपाथ ओलांडून रस्त्यावर यायची. पोलीस शिट्ट्या मारून माणसांना मागे सारत होते, माणसं दोन पावलं मागे जाऊन तीन पावलं पुढे येत होती. भाचा पहिल्याच लाटेत चिंब झाला आणि खाऱ्या पाण्यानं डोळे चुरचुरत असतानाही खिदळत राहिला. तोंडात गेलेलं पाणी थुंकून म्हणाला, "हे तर खरंच खारट आहे!" भूगोलाच्या पुस्तकावर त्याचा एवढे दिवस विश्वास नव्हता की काय कोण जाणे.

अण्णा मागे, फुटपाथच्या पार कडेला छत्री धरून उभे. चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या घरी बारशाला गेलेल्या माणसाचं असतं तसं शिष्टाचाराचं कौतुक.

"झालं बघून?" त्यांनी विचारलं. "आता बंदर बघू."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. गोदी कामगाराचा मुलगा, वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीत वाढलेला, हार्बर लाईननं कॉलेजला गेलेला मी, पण मुंबई हे बंदर आहे ही गोष्ट मला कायम ऐकीव माहितीसारखी वाटत आली आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड. स्टेशनांची नावंच बंदराची. देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती याच हार्बर मार्गावर, व्हीटी ते कुर्ला. पण गाडीच्या खिडकीतून दिसतं काय? गोदामांची छपरं, कोळसा, जुनं लोखंड, आणि एक भिंत. लांबच लांब भिंत. तिच्यापलीकडे कधी एखादी क्रेन मान वर काढून उभी. पूर्वेचं पाणी या शहरानं घरच्या मोरीसारखं आड ठेवलेलं आहे. पाहुण्यांना दाखवायचा समुद्र पश्चिमेचा, जिथे एक जहाज धड उभं राहू शकत नाही.

"काहून?" भाच्यानं विचारलं. टॅक्सी तोवर चर्चगेटवरून फोर्टात शिरली होती.

अण्णा पुढच्या सीटवरून पूर्ण वळले. पावसाळ्यात वारा कुठून येतो? नैऋत्येकडून. लाटा कुठून? तिकडूनच. मघाशी तुला भिजवलं ती लाट सबंध अरबी समुद्र ओलांडून आली होती. आता हे मुंबईचं बेट म्हणजे त्या लाटांसमोर पाठ करून बसलेली म्हातारी. तिच्या पदराआड जे पाणी ते शांत. आणि नुसतं शांत नाही, खोल. "म्हणून बंदर पलीकडच्या अंगाला. मागच्या दारानं संसार चालतो, पोरा. पुढच्या दाराला नुसती रांगोळी."

टॅक्सीवाला आझमगढचा होता, पण हे त्यालाही पटलं असावं. आरशात बघून त्यानं मान डोलावली.

बॅलार्ड इस्टेटला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरीवर आला होता. रविवार नव्हता, तरी रस्ते रिकामे वाटावेत इतके रुंद. ओल्या दगडाच्या एकसारख्या उंचीच्या इमारती. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं नाव या भागाला आहे. आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवे ज्यानं उभा केला तोच. पण अण्णांना विटेटचं कौतुक नाही. त्यांना कौतुक खालच्या मातीचं. १९१४ साली सुरू झालेली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना जी माती आणि मुरूम निघाला, तो टाकून समुद्र बुजवला आणि त्यावर ही साहेबी वस्ती उभी राहिली. "गोदीच्या खड्ड्यावर ही सगळी शान," अण्णांनी बुटाची टाच फुटपाथवर दोनदा आपटून दाखवली.

एका इराण्याकडे बसलो. बनमस्का, चहा. आणि तिथे बाहेर पुन्हा धोधो सुरू झाल्यावर अण्णांनी घड्याळ बघितलं. "बारा बावीस." मी हसलो. भाच्यानं विचारलं, वेळ कशाला? आणि मग आजवर कधी नीट विचारलं नव्हतं ते मलाही त्या दिवशी कळलं.

जहाज भाड्यानं घेतलेलं असतं. माल उतरवायला ठरावीक दिवस मिळतात, त्यापुढे जहाज अडकून राहिलं की दर दिवसाचा दंड, डेमरेज. पण पावसानं काम थांबलं तर बऱ्याच करारांत तो वेळ धरायचा नसतो. मग पाऊस नेमका कधी सुरू झाला आणि कधी थांबला, यावर पैसे ठरतात. जहाजाच्या मालकाला वाटतं पाऊस वीस मिनिटं पडला, मालवाल्याला वाटतं तासभर. तेव्हा टॅली शीटवर जे लिहिलंय ते खरं. "पाऊस, १२.२२ ते १.०५, हॅच बंद." वेधशाळा कुलाब्याला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत होती, आणि तिथून काही मैलांवर माझा बाप तोच पाऊस मिनिटांत मोजत होता. पस्तीस पावसाळे. ते कागद कुठल्या तरी गोदामात कुजून गेले असतील. एखाद्या विद्यापीठाला ते मिळाले असते तर मुंबईच्या पावसाचा इतका बारीक हिशेब दुसरीकडे कुठे सापडला नसता, असं मला उगाच वाटून गेलं.

एक चारला पाऊस थांबला. अण्णांनी पुन्हा घड्याळ बघितलं, समाधानानं.

गोदीत आत जाता येत नाही. परवाना लागतो, आणि निवृत्त माणसाचं ओळखपत्र ही आठवण असते, परवाना नव्हे. ग्रीन गेटवरच्या जवानानं अण्णांना नमस्कार केला, चौकशी केली आणि तितक्याच आदरानं अडवलं. मग आम्ही पी. डिमेलो रस्त्यानं, भिंतीच्या कडेकडेनं टॅक्सी घेतली. पूर्वी हा फ्रियर रोड होता. गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो १९५८ मध्ये गेले, नंतर रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. अण्णा गोदीत आले ते दहा वर्षांनी, पण "डिमेलोसाहेब" असं म्हणतात जणू कालच पगाराच्या रांगेत भेटले होते. भिंतीत दरवाजे येत होते. ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. भाचा रंग मोजायला लागला. "इंद्रधनुष्य आहे का?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "खलाशी कुठल्या कुठल्या देशाचे, वाचता येवो न येवो, रंग सगळ्यांना कळतो." हे कारण खरं की त्यांनी जागच्या जागी रचलं, देव जाणे. शोभत होतं खरं.

ऑरेंज गेटपाशी बोगद्याच्या कामाचे पत्रे लागलेले. इथून थेट मरीन ड्राइव्हपर्यंत जमिनीखालून रस्ता होतोय. मागचं दार आणि पुढचं दार जोडायला शहराला एवढा काळ लागला.

भिंतीकडे बोट करून अण्णा बोलत होते. इथे प्रिन्सेस गोदी, १८८० ची. तिच्या शेजारी व्हिक्टोरिया, १८८८ ची. प्रिन्सेस गोदी खणताना खाली बुडालेलं जंगल सापडलं होतं. खैराची शेकडो खोडं, त्यातली बरीच मुळांसकट उभीच्या उभी. म्हणजे कधीकाळी इथे कोरडी जमीन होती आणि झाडांवर पाऊस पडत होता. आणि व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टायकिन' फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोनं. कापसाला आग लागली, पुढचं सांगायला नको. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत अजून एप्रिलमध्ये देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याच्या लाद्या शहरभर उडाल्या, काही पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळात सापडत राहिल्या. अण्णा कामाला लागले तेव्हाही जुने कामगार गाळ उपसताना डोळ्यांत तेल घालून बघत म्हणे.

"आता त्या दोन्ही गोद्या बुजवल्या," अण्णा म्हणाले. "कंटेनरसाठी. मी उभा राहून जहाजं मोजली तिथं आता पाणीच नाही." मग थोडं थांबून, "खाली जंगल, त्याच्यावर गोदी, गोदीवर काँक्रीट."

एवढं बोलून ते गप्प झाले, आणि टॅक्सी भाऊच्या धक्क्याला आली.

भाऊचा धक्का म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांचा. १८४० च्या आसपास या गृहस्थानं पदरमोड करून मुंबईला उतारूंसाठी धक्का बांधला. त्याआधी कोकणातून येणाऱ्या माणसाला चिखलातून, कधी खलाशाच्या खांद्यावर बसून मुंबईत प्रवेश करावा लागे. जुलैत मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. त्यामुळे मच्छीबंदरावर एरवीची झुंबड नव्हती. बोटी एकमेकींना चिकटून, ताडपत्रीनं शाकारून ठेवलेल्या. दोन खलाशी जाळं मांडीवर घेऊन विणत बसलेले, मध्ये रेडिओ. वास मात्र सुट्टीवर गेलेला नव्हता.

रेवस-मोऱ्याच्या लाँचवर जायला अण्णा तयार होणार नाहीत हे मला माहीत होतं. पस्तीस वर्षं जहाजांच्या अंगाला खेटून काम केलेला हा माणूस एकदाही बोटीत बसलेला नव्हता. कारण 'रामदास'. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. याच धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ पावसात, वादळी लाटांत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अण्णा तेव्हा दोन वर्षांचे, ते पण घाटावर. पण गोदीत त्यांच्याबरोबर काम करणारे निम्मे लोक कोकणातले, कुणाचा काका, कुणाची आत्या त्या बोटीत. पावसानं हॅच बंद झाली की गोदामाच्या पत्र्याखाली बसून तीच गोष्ट निघायची. ऐकून ऐकून ती अण्णांच्या अंगात भिनली. आषाढात पाण्यावर जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुढे तो बारमाही झाला.

मी मांडव्याला जाणारी रो-रो बोट दाखवली. ग्रीसमध्ये बांधलेली, २०२० पासून इथे चालते, पोटात गाड्या घेते, आणि हवा फारच बिघडली नाही तर पावसातही सुटते. अण्णांनी तिला खालपासून वरपर्यंत निरखलं. उघड्या जबड्यातून एक टेम्पो आत जात होता.

"गाड्या घेते म्हणजे मालवाहूच की," ते म्हणाले. "मालवाहूला काय होतंय." आणि रेनकोटाची बटणं लावून, भाच्याचा हात धरून चढले. हात कुणी कुणाचा धरला होता ते सांगणं कठीण.

ती तासाभर उशिरा सुटली. पण सुटली, आणि समोरचं क्रॉस आयलंड ओलांडून दक्षिणेला वळली, आणि मी पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मुंबई पाठीमागून बघितली.

उजव्या हाताला ती भिंतच नव्हती. भिंत म्हणजे शहराच्या बाजूचं दुखणं, पाण्याच्या बाजूला सगळं उघडं. क्रेनांची रांग, धक्क्याला लागलेली जहाजं, इंदिरा गोदीच्या बंद दाराचा चौकटीसारखा भाग. भरती-ओहोटीत आतलं पाणी उतरू नये म्हणून गोदीला दार असतं, जहाज त्यातून आत घ्यायचं. "साडेसातशे फूट लांब, शंभर फूट रुंद," अण्णा म्हणाले. "पुढं जहाजं फुगली, शंभर फुटात मावेनात." ती फुगलेली जहाजं कुठे गेली ते डाव्या हाताला धुरकट दिसत होतं: न्हावा शेवा बंदर, १९८९ पासूनचं. पलीकडच्या किनाऱ्यानं हळूहळू अलीकडचं काम नेलं, आणि यात कुणाचं काही चुकलं असं अण्णांना वाटत नाही. मला वाटतं. निदान ती भिंत तरी आता पाडायला हरकत नव्हती.

मग नौदलाची गोदी, जिथे वाडिया घराण्यानं सागवानाची जहाजं बांधली. १८१७ सालचं त्यांचं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर उभं आहे. फोटो काढायला मनाई म्हणून भाच्यानं फोन खिशात घातला. मग गेटवे. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आला १९११ मध्ये, दरवाजा पुरा झाला १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश पलटणीची शेवटची तुकडी त्यातून निघून गेली. पाण्यावरून बघताना पहिल्यांदा कळलं की तो दरवाजा आपल्यासाठी नाहीच, समुद्रावरून येणाऱ्यासाठी आहे. आपण इतकी वर्षं त्याच्या आतल्या बाजूला पाठ लावून फोटो काढतो.

पाणी चहाच्या रंगाचं, त्यावर पावसाची बारीक टोचणी. कुलाब्याचा आडोसा सुटला तशी बोट डोलायला लागली. अण्णांनी कठडा घट्ट धरला. शेजारून जाणाऱ्या खलाशाला हळूच विचारलं, "काशाचा खडक कुठल्या अंगाला?" त्यानं धुक्यात कुठे तरी हात दाखवला. अण्णा त्या दिशेला बघत राहिले, पायातला बूट काढावा की काय अशा विचारात असल्यासारखे. काढला नाही. नुसती टोपी काढली, आणि पाऊस लागल्यावर पुन्हा घातली.

मांडव्याला उतरून वडापाव खाल्ला आणि त्याच बोटीनं परत. येताना अण्णांनी रेनकोटाच्या आतल्या खिशातून पेन काढलं. कागद म्हणून बायकोची ती यादी, कोरी बाजू वर. भाच्याला दुसरा अर्धा. "तू जहाजाचा टॅली क्लार्क, मी गोदीचा. नांगरून पडलेली, चालती, सगळी मोजायची. होड्या धरायच्या नाहीत." तासभर दोघं दोन कठड्यांशी. रेघा, रेघा, आडवी रेघ. एक सर आली तेव्हा भाच्यानं स्वतःहून घड्याळ बघितलं आणि लिहिलं: ५.१० ते ५.१८, हॅच बंद.

डॉकयार्ड रोडला हार्बरची गाडी पकडली. बसायला जागा मिळताच हिशेब. अण्णांची जहाजं तेवीस, भाच्याची चोवीस. शिवडीपर्यंत दोघांनी उजळणी केली. वडाळ्याला फरक सापडला: गाळ उपसणारा एक ड्रेजर. भाच्याचं म्हणणं, तरंगतो, इंजिन आहे, माणसं आहेत, मग जहाज काहून नाही? अण्णांचं म्हणणं, जे माल नेत नाही ते जहाज नव्हे. "माती नेतो ना," भाचा म्हणाला. "बॅलार्ड इस्टेट मातीचीच आहे, तुम्हीच सांगितलं."

अण्णांनी चष्मा पुसला. खिडकीबाहेर आमची जुनी वसाहत मागे गेली, त्यांनी तिकडे बघितलंही नाही. कुर्ला आल्यावर ओला कागद मांडीवर सपाट केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'एकूण २३. वादग्रस्त १.' खाली सही केली, आणि पेन भाच्याकडे दिलं.